चंद्रकलाबाईंची दुपार

भोंगा झाला तेव्हा सावरबोडीचा आठवडी बाजार ऐन भरात होता. कलिंगडवाल्याची सुरी फळात अर्ध्यावर रुतलेली होती. ती त्यानं तशीच सोडली, हात फडक्याला पुसले आणि चालायला लागला. समोरचं गिऱ्हाईकही काही न बोलता वळलं. बांगड्या भरून घेणाऱ्या बाईनं एका हातात सहा आणि दुसऱ्या हातात दोन अशा बांगड्या घेऊन घरची वाट धरली. कुणी धावलं नाही, कुणी कुणाला हाक मारली नाही. वांगी, मिरच्या, सुके झिंगे सगळं उघड्यावर टाकून माणसं निघाली आणि पाहता पाहता बाजारात एक कुत्रं तेवढं उरलं. तेही थोड्या वेळानं गाड्याखाली जाऊन बसलं.

"बघा मॅडम, बघा!" जीपच्या गार काचेला नाक लावून हेमराज धोटे म्हणाला. पन्नाशीच्या माणसाला शोभणार नाही इतका आनंद त्याच्या चेहऱ्यावर होता. "दोन वर्षांपूर्वी इथं पोलीस लाठ्या घेऊन उभे केले होते मी. एक माणूस हलला नाही. उलट एका म्हातारीनं हवालदारालाच वांगी विकली."

शेजारी बसलेल्या डॉक्टर मृदुला केळापुरे हसल्या नाहीत. त्या रिकाम्या बाजाराकडे बघत राहिल्या. हे सगळं त्यांच्याच संशोधनाचं फळ होतं, पण प्रयोगशाळेबाहेर, एवढ्या मोठ्या प्रमाणात, त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

वैनगंगेच्या काठचा हा सगळा मुलूख धानाचा आणि तळ्यांचा. इथलं ऊन कोरडं नसतं, त्यात बोड्यांची, म्हणजे लहान तळ्यांची, वाफ मिसळलेली असते. तापमापीच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून जो पारा मोजतात त्याला सगळे ओला पारा म्हणत. साधा पारा हवेची उष्णता सांगतो, ओला पारा सांगतो की घाम वाळेल की नाही. घाम वाळला तर अंग निवतं. ओला पारा एकतीसच्या वर गेला की घाम नुसता निथळतो आणि अंग आतून शिजायला लागतं. धडधाकट माणूस सावलीत बसून, पंख्याखाली बसून मरतो. हे संशोधकांना कधीचं कळलेलं होतं आणि उपायही साधा होता. सरकारनं घरटी पुढची एक खोली आतून अस्तर लावून थंड करून दिली होती. भोंगा झाला की त्या थंड खोलीत जायचं, दाराला आतून कडी लावायची, मीठ-साखरेचं पाणी प्यायचं आणि दुसरा भोंगा होईपर्यंत दार उघडायचं नाही. एवढंच!

आता एवढंच करायला कुणाची हरकत असावी? पण हेमराज उपयोजन अधिकारी होता. संशोधनातून जे कळलं ते लोकांच्या रोजच्या वागण्यात उतरवायचा आराखडा करणं, हे त्याचं काम. कळणं आणि वळणं यांच्यामध्ये जी दरी असते तिच्यात उडी मारून त्यानं नोकरीची पंचवीस वर्षं काढली होती. पोस्टरं लावली, पथनाट्यं केली, शाळेत पोरांकडून शपथा घेतल्या, बायकांच्या गटांना टोप्या वाटल्या. सगळ्यांना सगळं तोंडपाठ होतं. कुणालाही झोपेतून उठवून विचारा, ओला पारा म्हणजे काय ते सांगेल. आणि भोंगा झाला की तोच माणूस म्हणेल, "म्हैस उन्हात बांधली आहे, सोडून आलोच मी." उन्हानं गेलेल्यांच्या घरी हेमराज स्वतः जायचा आणि गेलेलं माणूस शेवटचं काय बोललं म्हणून विचारायचा. बहुतेकांचं शेवटचं वाक्य एकच असायचं. आलोच मी. त्यानं अक्षरशः हात टेकले होते.

अशा वेळी केळापुरे बाईंचा शोधनिबंध त्याच्या हाती पडला आणि तो तडक नागपूरला त्यांच्या प्रयोगशाळेत जाऊन बसला.

"मला साध्या भाषेत सांगा," तो म्हणाला होता. "मी कॉमर्सचा माणूस आहे."

"सकाळी दात घासताना तुम्ही कुठल्या बाजूनं सुरुवात करता?" बाईंनी विचारलं होतं.

हेमराजनं विचार केला. मग हवेत ब्रश धरल्यासारखा हात नेला आणि म्हणाला, "डावीकडून, वरच्या."

"बघा, तुम्हाला ते ठाऊक नव्हतं. हाताला विचारावं लागलं." बाई म्हणाल्या, "आपल्याला जे कळतं ते मेंदूच्या वरच्या थरात असतं. सवय मात्र तळाशी, खोल गाठींमध्ये बसलेली असते. तुमची पोस्टरं वरच्या थरात शिरतात आणि तिथंच राहतात. खाली जायला वर्षं लागतात, कधी पिढ्या लागतात. मी मधला रस्ताच काढून टाकला. एखाद्या माणसाच्या अंगी एखादी सवय पक्की मुरलेली असेल, तर तिच्या गाठींची छाप मी घेऊ शकते. आणि तीच छाप दुसऱ्याच्या गाठींवर, तो झोपेत असताना, उठवू शकते. चुंबकाची एक टोपी आहे. आठवडाभर घालून झोपायचं."

"आणि मग तो माणूस यंत्रासारखा वागतो?"

"मुळीच नाही. तुम्ही दात घासता तेव्हा तुम्हाला कुणी जबरदस्ती केल्यासारखं वाटतं का? ते त्याला आपलंच वाटतं. करावंसंच वाटतं."

हेमराजला त्या रात्री आनंदानं झोप आली नव्हती. आपल्याकडे मुलांना चांगलं वळण लावतात, तेच हे, फक्त टोपीतून. त्यानंच त्याला 'वळण' असं नाव दिलं आणि ज्याच्याकडून छाप घ्यायची त्याला 'वळणदाता'. लोकांनी टोप्या हसत हसत घातल्या. आईबापांना जमलं नाही ते सरकार फुकटात करून देतंय, असं म्हणत पानठेल्यावर टिंगलही झाली.

वळणदाता निवडायचं काम हेमराजचं होतं. थंड खोल्यांच्या दारांना यंत्रं बसवलेली होती, कोण किती वेळ आत राहिलं हे त्यांतून कळायचं. हेमराजनं सगळ्या जिल्ह्याचे आकडे मागवले आणि त्यात एकच घर असं निघालं की जिथलं दार भोंगा झाल्यावर लागलं नाही किंवा दुसऱ्या भोंग्याआधी उघडलं, असं एकदाही झालेलं नव्हतं. शंभर टक्के! घर एका विधवा निवृत्त मुख्याध्यापिकेचं होतं. चंद्रकलाबाई बोबडे. त्यानं त्यांची संमती घेतली, छाप घेतली आणि सावरबोडी तालुका प्रयोगासाठी निवडला. त्या बाई इतक्या काटेकोर का वागतात, हे विचारावं असं त्याला सुचलं नाही. आराखड्यात तो रकानाच नव्हता.

तर असा तो बाजार रिकामा झाला. दुसऱ्या भोंग्यानंतर दोघं काही घरं बघायला निघाली. पहिल्याच घरी शिवणकाम करणारी एक बाई होती. तिच्या थंड खोलीत पाटावर दोन पेले होते, एक रिकामा आणि दुसरा काठोकाठ भरलेला.

"दुसरा कुणासाठी?" हेमराजनं सहज विचारलं.

"तो?" बाई पेल्याकडे बघायला लागली. "असाच भरला जी."

"घरी आणखी कुणी आहे?"

"नाही. मी एकटीच राहते."

पुढच्या घरात माणसं सहा होती आणि पेले बारा. त्याच्या पुढच्या घरात एका तरण्या पैलवान पोरानं आपल्यापुरते दोन भरले होते आणि त्याला स्वतःलाच हसू येत होतं. प्रत्येक घरी बसायच्या चटया दाराकडे तोंड करून टाकलेल्या होत्या. केळापुरे बाई आता प्रत्येक घरी आधी पेलेच मोजायला लागल्या.

"काही बिघडलं का मॅडम?"

"छाप जरा जास्तच चांगली उठली आहे," त्या म्हणाल्या. "बाईंची सवय नुसती खोलीत जायची नसावी."

हेमराजनं ते फारसं मनावर घेतलं नाही. एक पेला पाणी जास्त भरलं तर बिघडलं काय? पुढच्या रविवारी तो घरी होता. त्याचं घर सावरबोडीतच, जुन्या टपाल कचेरीमागच्या गल्लीत. अधिकाऱ्यांनी वळण घ्यायचं नाही असा नियम त्यानंच केला होता, कारण मोजणाऱ्यानं मोजमापात सापडू नये. पण त्याची बायको नलिनी, तिनं मात्र शेजारणींबरोबर उत्साहानं टोपी घातली होती. भोंगा झाला. नलिनी उठली, आत गेली, कडी लावली, दोन पेले भरले. हेमराज तिच्या मागोमाग आत आलेला होता आणि त्याच्या घशाला कोरड पडली होती. त्यानं भरलेल्या पेल्याला हात घातला तशी तिनं चटकन त्याच्या मनगटावर चापट मारली.

"तो तुमचा नाही जी."

"मग कोणाचा?"

"ते मला का माहीत?" ती म्हणाली. तिलाही आपलंच नवल वाटलं असावं, पण पेला तिनं जवळ ओढून घेतला. "तुम्ही मडक्यातलं घ्या ना."

मग ती दाराकडे तोंड करून बसली. हेमराज बघत राहिला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि बायकोचा असा चेहरा त्यानं कधी पाहिला नव्हता. मान किंचित कलती, ओठ थोडे विलग, कान बाहेरच्या आवाजाकडे. गल्लीतून कुणी गेलं की तिचे डोळे हलायचे आणि पुन्हा स्थिर व्हायचे. दोन तास ती तशीच बसली होती. त्या दोन तासांत त्यानं तीनदा काहीबाही बोलायचा प्रयत्न केला, तिनं तिन्ही वेळा नीट उत्तर दिलं, पण त्याच्याकडे बघितलं नाही. खरं सांगायचं तर हेमराजला भीती वाटली.

दुसऱ्याच दिवशी तो केळापुरे बाईंना घेऊन चंद्रकलाबाईंच्या घरी गेला.

चंद्रकलाबाई ताठ, सडसडीत आणि बोलायला फटकळ होत्या. "या, या. माझी सवय नेली आणि आता मला बघायला आले!" त्यांनी स्वागत केलं. "काय झालं? उतरली नाही का नीट?"

"उतरली ना बाई. जरा जास्तच," हेमराज म्हणाला. "तो दुसरा पेला कोणाचा?"

बाईंनी पदर सारखा केला. "यांचा. दुसरा कोणाचा असणार? मोटार बंद करायला म्हणून गेले होते शेतावर. भोंगा झाला होता. आलोच मी, म्हणाले. मी पाणी भरून ठेवलं. संध्याकाळी लोकांनी उचलून आणलं त्यांना. मी बघितलं, मीच आंघोळ घातली, सगळं केलं. म्हणजे मला माहीत आहे की ते नाहीत, वेडी नाही मी. पण दुसऱ्या दिवशी भोंगा झाला आणि हातानं पेला भरला. अकरा वर्षं झाली. डोक्याला समजावलं मी, हाताला कसं समजावणार?"

"आणि तुम्ही दुपारभर बसून राहता," केळापुरे बाई हळूच म्हणाल्या.

"त्यांची वाट बघते. दुसरं काय असतं दुपारी?"

"मध्ये कुणी दार वाजवलं तर?"

"वाजवतात की. पण यांचं पाऊल मला ओळखू येतं. ते नसलं तर मी नाही उठत," चंद्रकलाबाई म्हणाल्या. "बसून राहा म्हणावं, भोंगा झाला की बघू."

हेमराजनं मान डोलावली. दार उघडलं नाही की खोलीतली थंडी टिकते आणि हे तर कुठल्याच पोस्टरनं साधलेलं नव्हतं. केळापुरे बाईंनी मात्र दिलेला चहा अर्धा तसाच ठेवला.

बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "धोटेसाहेब, आपण सबंध तालुक्याला एका मेलेल्या माणसाची वाट बघायला लावली आहे."

"काढता येईल ना तेवढं?"

उपयोजनाच्या धंद्यात याची एक पद्धतच आहे. कुठलाही उपाय घेतला की त्यातला गाभा कुठला आणि साल कुठली ते ठरवायचं. गाभ्याला हात लावायचा नाही, साल गावाप्रमाणे बदलायची किंवा सोलून टाकायची. खोली, कडी आणि पाणी हा गाभा आणि वाट बघणं ही साल, असं दोघांनी ठरवलं. बाईंनी छाप सोलली. ती सोललेली छाप शेजारच्या तालुक्यातल्या खैरी नावाच्या छोट्या गावात लावली.

ओला पारा चढल्याच्या पहिल्याच दिवशी खैरीची माणसं भोंग्याबरोबर उठली, आत गेली, कडी लावली, एक एक पेला पाणी प्यायली. मग बसली. आणि मग करायचं काय? थोड्या वेळानं एक एक दार उघडायला लागलं. कुणाची शेळी राहिली होती, कुणाचे कपडे वाळत होते, कुणाला नुसताच कंटाळा आला होता. त्या संध्याकाळी खैरीत पाच माणसं गेली. त्यांत एक बाळंतीण होती. हेमराज रिवाजाप्रमाणे प्रत्येक घरी गेला, पण शेवटचं काय बोलली हे त्यानं या वेळी विचारलं नाही. त्याच दिवशी, त्याच उन्हात, सावरबोडी तालुक्यात एकही माणूस दगावलं नव्हतं.

"म्हणजे वाट बघणं हाच गाभा होता," परतताना केळापुरे बाई म्हणाल्या. "बाकी सगळी साल. माणूस नियम म्हणून बसत नाही हो, कुणाची तरी वाट बघत असेल तरच बसतो." मग त्या म्हणाल्या, "मी ही छाप ठरल्याप्रमाणे तीन जिल्ह्यांत नेणार नाही. आपण दुसरी वळणदात्री शोधू. जिची वाट संपलेली नाही अशी कुणी. जिचा माणूस रोज खरंच घरी येतो."

"किती दिवस लागतील?"

"दोन-तीन उन्हाळे."

"आणि त्या दोन-तीन उन्हाळ्यांत तीन जिल्ह्यांत किती खैऱ्या होतील?" हेमराजचा आवाज चढला. "तुम्ही प्रयोगशाळेत बसता मॅडम. तिरडीमागं मी चालतो!"

पण त्या रात्री घरी गेल्यावर हेमराजचाच धीर सुटला. तो नलिनीला म्हणाला, "तू तरी ते वळण उतरवून घे. आठवडाभर टोपी घालायची, झालं. मी सांगतो मॅडमना."

"काहून?"

"काहून म्हणजे? परक्या माणसाची वाट बघून राहिली तू! मेलेल्या! त्याचं नाव विनायक होतं, तो मोटार बंद करायला गेला होता, तुझं त्याचं काय?"

"माहीत आहे मला," नलिनी शांतपणे म्हणाली. सगळ्या सावरबोडीला आता ती गोष्ट माहीत होती आणि कुणाच्याही हातातला पेला त्यामुळं थांबला नव्हता. "पण मला दुपार आवडायला लागली जी. आधी कशी जायची? टीव्ही बघ, झोप, उठ, चहा ठेव. आता असं भरल्यासारखं वाटते."

जे बोलायचं नव्हतं तेच हेमराज बोलून गेला. "माझी वाट कधी बघितली तू अशी?"

नलिनीनं त्याच्याकडे बघितलं आणि तिला हसू आलं, अगदी मायेचं. "तुमची काय वाट बघायची? तुम्ही तर येताच."

हेमराज त्या रात्री फार वेळ जागा होता. एका मेलेल्या माणसाचा मत्सर वाटणं ही काय अवस्था आहे, असं त्याला वाटलं आणि स्वतःची लाजही वाटली. आपल्या घरच्या रागापायी तीन जिल्ह्यांतली माणसं मरू द्यायची का? हा प्रश्न त्यानं स्वतःला विचारला आणि त्याचं उत्तर एकच होतं. सकाळी त्यानं केळापुरे बाईंना फोन केला. त्यांनी आराखड्यावरून आपलं नाव काढून टाकायला सांगितलं, ते त्यानं काढलं. छाप सरकारच्या मालकीची झालेली होतीच. आराखड्यावर त्याची एकट्याची सही झाली आणि पावसाळ्यापासून पुढच्या होळीपर्यंत तीन जिल्ह्यांतल्या घराघरांत टोप्या फिरल्या. पोलीस, परिचारिका, रुग्णवाहिकांचे चालक, नियंत्रण कक्षातली मुलं, कुणी म्हणून सुटलं नाही. आपलेच लोक उन्हात मरायला नकोत, म्हणून हेमराजनं ती सगळी नावं स्वतः यादीत घातली होती.

पुढच्या उन्हाळ्यात ओला पारा एकतीसला पोचला तो दिवस हेमराजच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस होता. भोंगा झाला तेव्हा तो कचेरीत थांबला नाही. त्यानं गार जीप काढली आणि आपलं काम डोळ्यांनी बघायला एकटाच निघाला. गावामागून गावं गेली. कुठं चिटपाखरू नव्हतं. रस्त्यात एक ट्रॅक्टर चालू अवस्थेत सोडलेला होता. एका लग्नाच्या मांडवात पानं वाढलेली होती, वरणावर माश्या बसत होत्या आणि नवरदेवाचा फेटा खुर्चीवर ठेवलेला होता. त्या गावाच्या वेशीत त्यानं जीप थांबवून काच खाली केली. कुठून तरी पाणी ओतल्याचा बारीक आवाज आला. मग दुसरीकडून, मग तिसरीकडून. मग काहीच नाही. लाखो माणसं या क्षणी दाराकडे तोंड करून बसली असतील, असं त्याच्या मनात आलं आणि एवढ्या उष्म्यातही त्याच्या अंगावर काटा आला. तो त्याला अभिमानाचा वाटला.

परतताना सावरबोडीच्या अलीकडे जीपची बॅटरी बसली. थंड हवा बंद पडली आणि जीपचा तवा झाला. त्यानं नियंत्रण कक्षाला फोन लावला. तो वाजत राहिला. रुग्णवाहिकेला लावला, तोही वाजत राहिला. ती नावंही आपणच यादीत घातली होती, हे तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं कपाळावर हात मारून घेतला. गल्ली फार लांब नव्हती. रुमाल डोक्याला बांधून तो चालायला लागला.

घामानं सदरा अंगाला चिकटला, पण अंग काही निवेना. गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत त्याचे पाय जड झाले होते आणि जीभ टाळूला लागली होती. पहिलंच घर वामनराव रामटेक्यांचं. रोज संध्याकाळी त्यांच्याबरोबर ओट्यावर गप्पा ठोकायचा तो. त्यानं दार बडवलं.

"वामनराव! मी धोटे! दार उघडा!"

"हां हां, धोटेसाहेब!" आतून प्रसन्न आवाज आला. "बसा जी ओट्यावर. भोंगा झाला की बोलू."

"अहो, उन्हात आहे मी! मरून जाईन!"

"हो ना, लई ऊन आहे आज," वामनराव म्हणाले.

त्यानं पुढचं दार वाजवलं. त्याच्या पुढचं वाजवलं. सगळ्यांनी त्याला ओळखलं, कुणी त्याची विचारपूसही केली. कडी मात्र कुणी काढली नाही. भिंतीला हात धरत धरत तो आपल्या घराशी आला. डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. थंड खोलीच्या दाराला बाहेरून मूठच नव्हती, आत उष्मा झिरपू नये म्हणून. त्यानं दोन्ही हातांनी दार ठोकलं.

"नलू! मी आहे. उघड लवकर."

"हो जी," नलिनीचा आवाज दाराच्या अगदी पलीकडून आला. "ओळखलं मी तुम्हाला. गल्लीत वळलात तेव्हाच पाऊल ओळखलं."

"मग उघड ना!"

फळीच्या फटीतून येणारी गार हवेची एक रेघ हेमराजच्या ओठांना लागत होती. त्यानं तोंड तिथंच लावलं.

"नलू, ऐक. तो येणार नाही. बारा वर्षं झाली त्याला मरून. मी जिवंत आहे गं, मी इथं आहे!"

"माहीत आहे ना मला," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, घाई नव्हती. ती त्याला समजावत होती. "थोडं थांबा जी. ते आले की उघडते."